वलगावहून तळणीला, ग्रहणाच्या आदल्या दिवशी

शुक्रवार, २१ जानेवारी १८९८. वलगावात अजून झुंजूमुंजू व्हायचं आहे आणि तुमचे दात वाजताहेत. वऱ्हाड म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात धरून तुम्ही नुसत्या सदऱ्यावर निघून आलात. पौषातली इथली पहाट चांगलीच बोचते. ओट्यापुढे शेकोटीभोवती चारपाच माणसं बसली आहेत आणि एकजण पऱ्हाट्या मोडून जाळात सारतोय. गेल्या सालच्या दुष्काळाच्या खुणा माणसांच्या हातापायांवर अजून दिसतात. तुम्ही शेकायला टेकता.

"कोठी जाऊन राह्यले जी?"

"तळणीला."

"उद्या गिरान हाय. गिरानात कोनी गाव सोडते काय?"

तुम्ही सांगता की ग्रहण बघायलाच चाललो आहे. म्हातारा तुमच्याकडे निरखून बघतो. "मंग इठून काय दिसत नाही? सूर्य का तळणीचाच हाय?"

सगळे हसतात. प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तरही सरळ आहे. सूर्य सगळ्यांचा असला तरी चंद्राची गडद सावली अरुंद पट्ट्यातूनच जाणार. कोकणपट्टीवर विजयदुर्गाशी ती जमिनीला लागेल, सोलापूरकडच्या जेऊरवरून वर चढेल, वऱ्हाडात तळणीवरून जाईल आणि पुढे थेट बक्सरकडे निघेल. तळणी पट्ट्याच्या मधोमध आहे, वलगाव कडेला. कडेला सूर्याची एखादी कोर शिल्लक राहण्याची भीती असते, आणि तेवढी कोर सगळा खेळ मोडायला पुरते. तुम्ही हे समजावून सांगता. म्हातारा ऐकून घेतो आणि गाडीवानाला म्हणतो, "ने रे बावा यायले. बह्याड दिसते, पन मानूस चांगला हाय."

दमणी पेढी ओलांडते. याच नदीच्या पुलाशी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांचा प्रवास संपणार आहे. आज ते मामाच्या शेतात राबणारे एकवीस वर्षांचे डेबूजी आहेत. काळातून फिरताना अशा माणसांना वाटेत गाठायचा मोह होतो, पण तुमची गाडी चुकेल. अमरावतीत महिन्यापूर्वी, डिसेंबरच्या अखेरीस, काँग्रेसचं तेरावं अधिवेशन झालं. सर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि टिळक तुरुंगात. स्टेशनावर अजून त्याच गप्पा चालल्या आहेत, त्यात मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या बातम्या मिसळलेल्या. बडनेऱ्याला गाडी बदलून तुम्ही नागपूरच्या बाजूला लागता. चांदूर, धामणगाव, आणि मग तळणी.

इथे गोऱ्यांचे तंबू पडले आहेत. ब्रिटिश खगोल संघाची ही तुकडी. ग्रीनिचच्या वेधशाळेतले वॉल्टर माँडर आहेत आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर. ॲनीबाई स्वतः ग्रीनिचला गणिताच्या कामावर होत्या. १८९५ ला लग्न झालं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. त्यांच्याजवळचा कॅमेरा बघून तुम्हाला वाटतं, एवढ्याशा भिंगाने काय होणार? उद्या त्याच भिंगातून सूर्याच्या प्रभामंडळाचा एवढा लांब झोत टिपला जाईल की तोवर कोणी तेवढा टिपलेला नाही. पण तुम्ही आला आहात ते तिसऱ्या माणसासाठी. जॉन एव्हरशेड, वय ३३, पेशाने खगोलशास्त्रज्ञ नाही. इंग्लंडात केनली गावी स्वखर्चाने छोटी वेधशाळा थाटून बसलेला हा हौशी माणूस लोलक आणि काचा घेऊन आला आहे. सूर्य झाकला जाताना त्याच्या काठाचा प्रकाश लोलकातून पसरवून फोटोच्या काचेवर घ्यायचा, डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा भागही सोडायचा नाही, असा त्याचा बेत.

शनिवार. शनीची अमावस्या आणि वर ग्रहण, म्हणजे गावात आज कोणी चूल पेटवलेली नाही. भरल्या भांड्यांवर तुळशीची पानं आहेत, गरोदर बायांना घराबाहेर पडू दिलेलं नाही. "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी गावातून फिरतेय. तंबूंकडे कोणी फिरकत नाही. आभाळ निरभ्र.

दुपारी चंद्र सूर्याला टोकरायला लागतो. पहिला तास काहीच वाटत नाही. मग बाभळीखाली बघा: पानांच्या फटींतून पडणारे उजेडाचे ठिपके एकजात कोरीच्या आकाराचे झाले आहेत, शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. उजेड कमी होतोय तो संध्याकाळसारखा पिवळा होत नाही, कळकट राखाडी होतो. अंगावरचं ऊन पातळ होतं. वारा बदलतो आणि तुम्हाला पुन्हा कालच्या पहाटेसारखी हुडहुडी भरते. चरायला सोडलेली गुरं गावाकडे तोंड फिरवतात. नैर्ऋत्येकडून काळोख धावत येतो, तो येताना दिसतो.

सूर्याचा शेवटचा ठिपका विझतो, आणि काळ्या चकतीच्या काठावर डाळिंबी रंगाची एक बारीक रेघ उजळते. ती सेकंदभर टिकते. तेच सूर्याचं वर्णावरण, हायड्रोजनचा तांबूस थर, आणि त्याच्यातून दोनतीन ठिकाणी वर उसळलेल्या तशाच तांबूस ज्वाला. एव्हरशेडचा हात काचेच्या खोबणीवर आहे. कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजतंय. एक काच सरकते, दुसरी बसते. चकतीभोवती मोतिया रंगाचं प्रभामंडळ पसरलंय, आणि तुम्ही, ज्यांना पुढचं सगळं ठाऊक आहे, कुडकुडत त्याच्याकडे बघताय. त्या मंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर आहे. त्याच्या हिरव्या रेषेचा उलगडा स्वीडनचा एडलेन १९४१ च्या सुमारास करील. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची रेषा निघेल. तापमान एवढं आणि तरी तुम्हाला थंडी का? कारण तिथे कण विरळ आहेत, एकेक कण भन्नाट वेगाचा पण मोजून थोडे. तापमान एका कणाच्या वाट्याची ऊर्जा सांगतं. तुमच्या अंगाला ऊब किती लागणार, ते कण किती यावरही असतं.

जेमतेम दोन मिनिटं, आणि काठावर पुन्हा ठिणगी. गावातून एकच गलका उठतो. लोक आंघोळीला निघतात.

आता ती काच. धुऊन वाळल्यावर तुम्ही ती उजेडासमोर धरता. हायड्रोजनच्या रेषा एकामागून एक लागल्या आहेत, आधी ऐसपैस, मग जवळजवळ, मग एकमेकींना घासत. स्वित्झर्लंडमधल्या योहान बाल्मर नावाच्या शाळामास्तराने १८८५ मध्ये या रेषांचं सूत्र बसवलं होतं. त्या ३६४६ अँगस्ट्रॉमच्या जागी गर्दी करून थांबतात, पलीकडे रेषा नाही. काचेवरही पलीकडे रेषा नाही. तिथे आहे सलग, अखंड काळसर झाक, कडेपासून अतिनील भागात पसरत गेलेली. रेषा संपल्यावर प्रकाश संपायला हवा होता. तो संपलेला नाही.

एव्हरशेड ही झाक नोंदवतो. ती कशाची हे या क्षणी पृथ्वीवर कोणी सांगू शकत नाही. इलेक्ट्रॉनचा शोध जाहीर होऊन पुरते नऊ महिनेही झालेले नाहीत. व्हिएन्नात लुडविग बोल्ट्झमान आपल्या वायुसिद्धांतावरच्या व्याख्यानांचा दुसरा खंड याच वर्षी काढताहेत, आणि अणू आहेत की नाहीत यावरून लोक त्यांच्याशी भांडताहेत. मॅक्स प्लांक बर्लिनला आहेत. ज्या स्थिरांकाला त्यांचं नाव लागणार तो जन्मायला अजून जवळजवळ तीन वर्षं आहेत.

म्हणून तळणीत थांबून उपयोग नाही. आणखी मागे चला, फार नाही, आठ मिनिटं वीस सेकंद. काचेवर पडलेला प्रकाश तेवढ्या वेळापूर्वी सूर्यावरून निघाला होता. त्या तांबूस ज्वालेत उतरा, इलेक्ट्रॉन होऊन.

आता तुम्ही एका प्रोटॉनला बांधलेले आहात. ही जोडी म्हणजे हायड्रोजनचा अणू. प्रोटॉन तुम्हाला ओढतोय, आणि तुमच्या मनात येतं की सरळ त्याच्यावर जाऊन बसावं. जमत नाही. जसजसे तुम्ही लहान जागेत अंग चोरता, तसतसा तुमचा वेग विस्कटतो. तुम्ही नेमके कुठे आहात हे जेवढं पक्कं, तेवढं कुठल्या वेगाने कुठे निघालात हे कच्चं. आणि या दोन्हींच्या पसरटपणाचा गुणाकार एका ठरावीक मापाच्या खाली जात नाही. वर्नर हायझेनबर्ग हे १९२७ मध्ये मांडील. बिलगून बसायला जावं तर वेग भडकतो आणि त्याची किंमत ओढीपेक्षा जास्त पडते. शेवटी नॅनोमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या अंतरावर तडजोड होते. अणू कोसळत नाही तो या तडजोडीमुळे.

या स्थितीत तुम्ही गरम आहात का? जागा धड ठरलेली नाही, वेगही नाही, एका क्षणाला इथे आढळाल, दुसऱ्या क्षणाला तिथे. बाहेरून बघणारा म्हणेल, केवढी ही धांदल! पण यात उष्णता औषधालाही नाही, आणि एंट्रॉपी तर शून्य. एंट्रॉपी मोजते ती पर्यायांची संख्या: वरून दिसणाऱ्या एका अवस्थेत आतून किती वेगवेगळ्या अवस्था दडू शकतात ते. बांधलेल्या तुम्हाला, फिरकीचे दोन पर्याय सोडले तर, एकच अवस्था आहे. ती अवस्था स्वतःच पसरट आहे, पण आहे एकच. या ठिकाणी भल्याभल्यांची गल्लत होते. क्वांटम अनिश्चितता म्हणजे अतिसूक्ष्म पातळीवरची उष्णता, असं लिहिलेलं मी छापील पुस्तकांत पाहिलं आहे. हीलियमकडे बघितलं तरी ते खोटं ठरतं. १९०८ मध्ये लायडनला कॅमरलिंग ओनेस त्याला द्रव करतील. नेहमीच्या दाबाला तो निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केला तरी गोठत नाही. हलके अणू, जागेवर कोंडले की वेग विस्कटतो, म्हणून स्फटिकाची रांग धरत नाहीत. गोठवायला वरून सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. तिथे उष्णता शून्याकडे गेलेली, एंट्रॉपी शून्याकडे गेलेली, आणि अनिश्चितता मात्र जशीच्या तशी. गारठवून जे जातं ती उष्णता. गारठवूनही जे जात नाही ते दुसरं काहीतरी आहे.

ते काय, हे समजायला तुम्हाला सुटावं लागेल.

ज्वालेत तापमान दहा हजार केल्विन धरू, हिशेबाला सोपं. प्रोटॉनपासून सुटायला लागतात १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दहा हजार अंशांना एका कणाच्या वाट्याला सहज येणारी ऊर्जा जेमतेम ०.८६. म्हणजे सुटकेची किंमत तुमच्या खिशातल्या ऐवजाच्या सोळापट. नुसत्या उष्णतेच्या जोरावर सुटायचं म्हटलं तर तापमान दीड लाख अंशांपलीकडे हवं. दहा हजारांना अशी लॉटरी लागण्याची शक्यता सुमारे ७० लाखांत एक. यावरून निष्कर्ष उघड दिसतो: ज्वालेतला सगळा हायड्रोजन बांधलेला असणार.

आणि तरीही सुटे इलेक्ट्रॉन तिथे आहेत, रग्गड आहेत. काचेवरची झाक त्यांचीच आहे. मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन एखाद्या प्रोटॉनच्या, ऊर्जेच्या खालून दुसऱ्या पायरीवर पडतो, तेव्हा ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर टाकतो, शिवाय त्याच्या अंगात जो वेग होता त्याची ऊर्जा. ३.४ म्हणजे बरोबर ३६४६ अँगस्ट्रॉमची कड. वेग कितीही असू शकतो, म्हणून कडेपलीकडे रेषा नाहीत, सलग पसारा आहे. नील्स बोर यांच्या १९१३ च्या अणूत हे चित्र बसतं.

मग ७० लाखांत एकाचं गणित फसलं कुठे? ते फसलेलं नाही, अर्धं आहे. वलगावातल्या त्या गाडीवानाचा बैल आठवा. दाव्याला आहे. दावं तोडायला एवढा जोर लागतो की तो रोज उठून तोडणार नाही. पण कधी तरी तुटलं, आणि बाहेर पिकं निघालेलं सगळं शिवार मोकळं पडलेलं असलं, तर तो आपणहून त्याच खुंट्यापाशी येऊन उभा राहील असा योग किती? बैल कुठे सापडतो हे दाव्याच्या मजबुतीइतकंच शिवाराच्या पसाऱ्यावर ठरतं. शिवार पुरेसं मोठं असेल तर दावं कितीही चिवट असो, बैल बहुतेक वेळा बाहेरच सापडायचा.

तेव्हा प्रश्न उरतो तो शिवार मोजायचा. खुंट्याशी जागा एक. बाहेर किती? इथे बोल्ट्झमान अडले होते. त्यांनी कणाच्या जागेचे आणि वेगाचे मिळून खण पाडले आणि कण किती तऱ्हांनी खणांत बसतील ते मोजलं. एंट्रॉपी त्या संख्येच्या लॉगरिदमला बांधली. पण खण केवढा घ्यायचा? अर्धा केला तर तऱ्हा वाढतात, पाव केला तर आणखी. याला काही आधार नव्हता. एरवी ते खपून जाई, कारण दोन अवस्थांमधला फरक काढायचा असे आणि खणाचा आकार दोन्हीकडून कटून जाई. सुटकेच्या हिशेबात तो कटत नाही. एका बाजूला खरोखरच एक आहे, निव्वळ एक, आणि दुसऱ्या बाजूला खणांची संख्या. खण जर हवा तितका बारीक करता आला असता, तर बाहेरच्या तऱ्हा अनंत झाल्या असत्या, आणि कुठल्याही तापमानाला, पौषातल्या वलगावातसुद्धा, एकही अणू बांधलेला राहिला नसता.

खण बारीक करता येत नाही, तो अनिश्चिततेमुळे. दोन अवस्था एकमेकींच्या इतक्या जवळ असल्या की जागा आणि वेग या दोहोंनी मिळूनही त्या वेगळ्या काढता येत नाहीत, तर त्या दोन नाहीतच, एकच आहे. दोनदा मोजायची नाही. एकेका दिशेला खणाचं क्षेत्रफळ प्लांकच्या स्थिरांकाएवढं. म्हणजे ज्या नियमाने तुम्हाला प्रोटॉनवर बसू दिलं नाही, तोच नियम बाहेरच्या शिवाराची मोजणी ठरवतो. अनिश्चितता उष्णतेत भर घालत नाही. उष्णता ज्या पर्यायांवर वाटली जाते, ते पर्याय किती, हे ती ठरवते.

हा खण अंगावर घेऊन बघा. दहा हजार अंशांना, सुटलेल्या तुम्हाला एक खण म्हणजे पाऊण नॅनोमीटर बाजूची पेटी. ती हायड्रोजनच्या अणूहून सातपट रुंद आहे! सुटल्यावर तुम्ही लहान नाही होत, उलट फुगता. एका घन सेंटीमीटरमध्ये अशा पेट्या बसतात २४ आकड्यावर वीस शून्यं एवढ्या. आणि ज्वालेतले इलेक्ट्रॉन? घन सेंटीमीटरमागे शंभर अब्ज धरा. पृथ्वीवर याला आपण निर्वात म्हणू. भागाकार केला तर दर सुट्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येतात २४ अब्ज मोकळ्या पेट्या. सुटकेची शक्यता ७० लाखांत एक, सुटल्यावर जागा २४ अब्ज. उत्तर: एका बांधलेल्यामागे तीन हजारांहून जास्त सुटे. तापमान उतरवून आठ हजार केलं तरी एकामागे चाळीसपन्नास राहतात. (ज्वालेत समतोल पुरता साधलेला नसतो, तेव्हा हे आकडे अंदाजाचे, दिशा मात्र पक्की.) सूर्याच्या खालच्या, दाट, पिवळ्या पृष्ठावर हाच हिशेब उलटा पडतो: ५८०० अंश, दाटी शेकडोपट, आणि दहा हजार अणूंत एखादासुद्धा सुटा मुश्किलीने.

आता बाहेर या आणि २२ वर्षं पुढे चला. कलकत्ता, १९२०. अपर सर्क्युलर रोडवरचं सायन्स कॉलेज. उष्णता वऱ्हाडी नाही, चिकट आहे. मेघनाद साहा, वय २६, ढाक्याकडच्या शेवडातली नावाच्या खेड्यातून वर आलेला दुकानदाराचा मुलगा, जर्मन मासिक वाचतोय. त्यात एगर्ट नावाच्या संशोधकाने ताऱ्यांच्या पोटातल्या अणूंना नेर्न्स्टचा उष्णतेचा सिद्धांत लावला आहे. साहांना त्यातली उणीव दिसते. इलेक्ट्रॉन सुटायला किती ऊर्जा लागते, हे प्रयोगशाळांत मोजलेले आकडे एगर्टने वापरलेले नाहीत. साहा ते घालतात. इलेक्ट्रॉनच्या एंट्रॉपीसाठी ते जो स्थिरांक घेतात, तो १९१२ मध्ये ओटो झाकुर आणि ह्यूगो टेट्रोड यांनी वेगवेगळा काढलेला होता. टेट्रोड तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा. पाऱ्याच्या वाफेच्या मोजमापांवरून दोघांनी दाखवलं होतं की बोल्ट्झमानच्या खणाचा आकार मनचा घ्यायचा नाही, तो प्लांकचा स्थिरांक आहे. तसा का, हे १९१२ ला कोणाला नीट ठाऊक नव्हतं, १९२० ला साहांनाही नाही. साहांचे वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस चार वर्षांनी ढाक्यात बसून तेच खण प्रकाशाला लावतील, आणि हायझेनबर्ग त्यानंतर तीन वर्षांनी येईल. माप हाती आलं आधी, त्याचं कारण मागाहून. विज्ञानात असं बऱ्याचदा घडतं, पाठ्यपुस्तकं क्रम उलटा करून सांगतात एवढंच.

साहांना कोडं पडलं होतं ते कॅल्शियमचं. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या रेषा वर्णावरणात सुमारे १४,००० किलोमीटर उंचीपर्यंत दिसतात, तर न गमावलेल्या कॅल्शियमची रेषा खालीच संपते. वर चढावं तसे अणू जास्त फुटलेले. सर नॉर्मन लॉकियर यांचं उत्तर ठरलेलं होतं: जास्त फुटले म्हणजे जास्त तापले. हे तेच लॉकियर, जे तुम्ही तळणीला कुडकुडत होता त्याच दुपारी विजयदुर्गाच्या तटावर दुर्बिणी लावून उभे होते. त्यांनी हीलियम विजयदुर्गावरून शोधला असं कोकणात आजही अभिमानाने सांगतात. पण तो शोध लागला त्या १८६८ मध्ये ते इंग्लंडात होते, विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, या ग्रहणाला.

साहांचं म्हणणं असं की तापवायची गरजच नाही. वर दाब कमी, कण विरळ, म्हणजे दर इलेक्ट्रॉनच्या वाट्याला मोकळे खण जास्त. तापमान तेवढंच ठेवा आणि नुसती दाटी कमी करा, अणू फुटत जातील. शिवार वाढलं, दावं तेच. त्यांचा निबंध फिलॉसॉफिकल मॅगझिनच्या ऑक्टोबर १९२० च्या अंकात निघाला. लॉकियर त्याच वर्षी १६ ऑगस्टला गेले. मला विचाराल तर म्हाताऱ्यावर थोडा अन्यायच झाला, कारण वर्णावरण वर जाताना खरोखरच तापत जातं हे पुढे सिद्ध झालं. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्षही योगायोगाने अर्धा बरोबर. चूक होती ती उष्णता एकटीच अणू फोडते असं मानण्यात.

आणि एव्हरशेड? १९२० ला ते भारतातच आहेत, कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे संचालक. सूर्यावरच्या डागांमधून वायू बाहेर वाहतो हा त्यांचा १९०९ चा शोध त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तळणीच्या झाकेचा उल्लेख त्यांच्या चरित्रात एखाद्या ओळीत येतो. तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा ती झाक मोजायचं काम तुम्हीच करा. ३६४६ च्या कडेपासून पलीकडे झाक किती झपाट्याने फिकी होते ते मोजा. झाकेचा प्रत्येक बिंदू म्हणजे एका ठरावीक वेगाचे इलेक्ट्रॉन, आणि भरधाव इलेक्ट्रॉन किती कमी, हे तापमान सांगतं. प्रकाश वारंवारतेच्या मापाने ३१०० अँगस्ट्रॉमच्या आसपास निम्मा झाला, तर ज्वाला दहा हजार अंशांची. ३३०० लाच निम्मा झाला, तर सहा हजारांची. मात्र ३१०० पाशी वरच्या हवेतल्या ओझोनने बराच प्रकाश आधीच गिळलेला असतो, आणि फोटोच्या काचेचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. या दोन दुरुस्त्या केल्याशिवाय आकडा लिहू नका.